निळा बावटा

आमच्या यजमानांना, म्हणजे प्रतापरावांना, जन्मात कधी कोणी बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या पणजोबांनी होळकरांच्या फौजेत तलवार चालवली होती, आजोबांनी दरबारात मान मिळवला होता, आणि यांनी त्या दोघांच्या पुण्याईवर इंदूरच्या रस्त्यांवर भोंगा वाजवला. संस्थान गेलं, मध्यभारत आला, सरदारक्या कागदावरसुद्धा उरल्या नाहीत. पण आमचे हे अजून टांगेवाल्याकडे असे बघायचे, की त्यानं घोड्यासकट मुजरा करायला हवा होता.

त्या घरात माणूस म्हणावा असा एकच होता, माझे सासरे. नानासाहेब रिसाल्यात कॅप्टन होते. लढाईच्या आधी घोडे घेऊन विलायतेला गेले होते, तिथं त्यांनी मोटारींच्या शर्यती पाहिल्या. पेन्शनीत आल्यावर त्यांना त्याचाच नाद लागला. चार हौशी माणसं जमवून त्यांनी मोटर क्लब काढला आणि महूच्या रस्त्याला लढाईच्या वेळची एक पडीक धावपट्टी होती, तिथं डांबराची रिकामी पिंपं मांडून वळणावळणांचा रस्ता आखला. मला गाडी चालवता येते हे त्या घरात फक्त त्यांनाच ऐब वाटलं नाही. माझे वडील सर्व्हेत होते, लग्नाआधी मी त्यांची जीप जंगलातून चालवलेली. क्लबचे सेक्रेटरी दत्तोपंत म्हणाले, "नानासाहेब, लेडीज कैसे उतरेल? आजवर असं झालं नाही." तेव्हा मामंजी म्हणाले, "आजवर शर्यत तरी कुठं झालीय? नियमात कुठं मनाई आहे दाखवा." मनाई नव्हती. ती लिहायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

नियम समजावायला त्यांनी पलासियाच्या बंगल्यावर सगळ्यांना चहाला बोलावलं. टेबलावर काड्यापेट्या मांडून ते सांगत होते. "पुढे जाणाऱ्याची जबाबदारी पहिली. जागा नसेल तर घुसायचं नाही. पण पुढच्यानंही एकदा आपली रेघ धरली की धरली. मागचा आला म्हणून गाडी आडवी घालायची नाही. निळा बावटा दिसला तर समजायचं, मागचा आपल्यापेक्षा जलद आहे. हात बाहेर काढून त्याला उजवीकडून जा म्हणायचं, आणि तो जाईपर्यंत सरळ राहायचं. पिवळा बावटा म्हणजे पुढे अपघात. तिथं कोणी कोणाला मागे टाकायचं नाही."

हे मुंबईहून आणवलेले कातड्याचे हातमोजे बघत बसले होते. म्हणाले, "म्हणजे समजा, मागून एखादा कपडा मार्केटचा शेठ आला, तर मी हात दाखवून म्हणायचं, या शेठजी, आधी आपण?"

सगळे हसले. मामंजी हसले नाहीत. "तो जलद असेल, तर होय."

"मग प्रश्नच मिटला. जलद मीच असणार."

आणि पुढचं काही त्यांनी ऐकलं नाही. ऐकणं हे काम त्यांच्या मते हुद्द्यानं खालच्या माणसांचं होतं.

शर्यत थंडीतल्या एका रविवारी सकाळी झाली. सात गाड्या होत्या. यांची आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी, राजवाड्याच्या गॅरेजातून मिळवलेली, जहाजाएवढी. माझी माहेरची छोटी मॉरिस. उदयसिंहांची उघडी दोन सीटांची गाडी. आणि बाकीच्या इकडच्या तिकडच्या. उदयसिंह माळव्यातल्या एका छोट्या ठिकाण्याचे, म्हणजे जहागिरीचे, बोलायला कमी, गाडीवर हात साफ.

सरळ रस्त्यावर ते मला मागे टाकत, वळणांवर मी त्यांना. ते आतून आले की माझ्यासाठी बरोबर एका गाडीची जागा ठेवत. मी आत शिरले की तेही आपली रेघ सोडत नसत, की मला दाबत नसत. त्यात मेहरबानी नव्हती, बाई म्हणून सांभाळून घेणं नव्हतं. बरोबरीच्या माणसाशी वागावं तसं ते वागत होते, आणि खरं सांगते, लग्नानंतर माझ्याशी असं कोणी वागलं नव्हतं.

यांच्या गाडीचं पाणी लवकरच उकळलं. ड्रायव्हर संताजी बादली घेऊन धावला, रेडिएटर थंड होईतो हे गाडीत बसूनच त्याला शिव्या देत राहिले. पुन्हा निघाले तेव्हा आम्हां दोघांच्या एक फेरी मागे पडले होते. कोणाशी त्यांची आता स्पर्धाच उरली नव्हती. पण हे त्यांना कोण सांगणार?

थोड्या वेळानं मी पुढे होते, उदयसिंह माझ्या मागे, आणि माझ्यासमोर हे जहाज आलं. सरळ रस्त्यावर ते गर्जना करत सुटायचं. वळण आलं की वरातीतल्या घोड्यासारखं मधोमध नाचत चालायचं. डावीकडून जागा नाही, उजवीकडून नाही. वळणावर कॉलेजातले फिजिक्सचे लेक्चरर लक्ष्मीकांत उभे होते. ते निळा बावटा जीव तोडून हलवत होते. एक फेरी गेली, दुसरी गेली. तिसऱ्यांदा बावटा दिसला, आणि यांचा हातमोज्यातला हात खिडकीतून बाहेर आला आणि ऐटीत हलला.

मला बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, कळलं. मी उजवीकडून गाडी काढली, त्यांच्या दारापर्यंत पोचले, आणि यांनी निवांत गाडी माझ्यावर घातली. मी ब्रेक दाबून गवतात उतरले नसते, तर मॉरिसचा पापड झाला असता. पुढचं चाक पिंपावर आदळलं, मडगार्ड चेपलं, इंजिन बंद पडलं. हे पुढे निघून गेले. मागे वळून बघायची त्यांना सवयच नव्हती.

पिवळा बावटा वर झाला. उदयसिंह हळू झाले, मी हातानं ठीक असल्याचं दाखवल्यावरच गेले. मी गाडी पुन्हा चालू करून दुसरी आले. हे सर्वांत शेवटी आले आणि पहिले आल्यासारखे उतरले.

शामियान्यात चहा चालू होता. यांच्याभोवती घोळका. "मी तर हात दाखवून वाट दिली होती भिया," हे सांगत होते. "लेकिन लेडीजचं असं आहे, ऐन टायमाला घाबरतात."

तेवढ्यात माझी चुलतजाऊ लीला आली. ती बिचारी भोळी. म्हणाली, "भाऊजी, वळणावर तुम्ही आम्हा बायकांना किती छान हात केलात! मी तर रुमालसुद्धा हलवला."

बायकांचा मांडव त्याच वळणावर होता.

मी कप खाली ठेवला आणि सरळ मामंजींच्या टेबलाशी गेले. ते आणि दत्तोपंत निकाल ठरवत होते. मी म्हटलं, "मला तक्रार करायची आहे. निळा बावटा न मानल्याची, आणि गाडी आडवी घातल्याची."

"कोणाविरुद्ध?" दत्तोपंतांनी विचारलं, आणि नाव ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, जसं मी पंक्तीत बसून शिवी दिली.

लक्ष्मीकांतांना बोलावलं. ते चाचरत म्हणाले, "मी तीनदा बावटा दाखवला. तिसऱ्या वेळी साहेबांनी मला हात केला. मला वाटलं, ओळख देतायत."

हे आले. मी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही हात केलात तो मला वाट द्यायला, की मांडवातल्या बायकांना? वाट द्यायला असेल, तर खूण करून गाडी अंगावर घातलीत. बायकांना असेल, तर निळा बावटा म्हणजे काय हेच तुम्हाला ठाऊक नाही. दगाबाज की अडाणी, तुम्हीच सांगा."

"मंगला, घरी बोलू," हे म्हणाले.

मामंजींनी विचारलं, "प्रताप, निळ्या बावट्याचा अर्थ काय?"

यांनी लक्ष्मीकांतांच्या हातातल्या बावट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "क्लबचा झेंडा ना तो?"

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला नाही. इतकी वर्षं ज्या माणसाच्या पानात मी पहिली पोळी वाढली, तो एवढासाच आहे हे मला आधीच ठाऊक होतं. आता फक्त गावाला कळलं.

मामंजी उठले. मग खडू घेऊन निकालाच्या फळ्याशी गेले आणि यांच्या नावापुढे लिहिलं: "गाडीत बिघाड. स्पर्धेतून बाहेर." खडू ठेवून हात झटकले. "झालं. निकालातून नाव काढलं."

"बिघाड गाडीत नव्हता," मी म्हणाले.

"सूनबाई, समाधान माना."

उदयसिंह जवळच उभे होते. मामंजींना म्हणाले, "साहब, मैंने पीछे से सब देखा है. जो हुआ, वही लिखिए." मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चहाची ऑर्डर देत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या अंगणात आले. मी मॉरिसचं मडगार्ड ठोकून घेत होते. म्हणाले, "चारचौघांत घराण्याच्या नावाचा प्रश्न होता. तू समजूतदार आहेस, म्हणून बोलतो."

मी म्हटलं, "नियम तुम्ही शिकवलेत, मामंजी. मी खरे मानले. यांनी ते ऐकलेच नाहीत, तर त्यांनी मोडले असं तरी कसं म्हणू? मोडले ते तुम्ही."

  ते काठी टेकत आत गेले.

नवऱ्याबद्दलचा तिरस्कार मला सवयीचा होता. तो अंगावरच्या दागिन्यांसारखा, घातलाय हेही विसरायला व्हायचं. पण मामंजींना मी मान दिला होता, आणि तो परत घेताना हाताला जड लागला. त्यानंतरही मी त्यांना वेळेवर चहा दिला, औषध दिलं, पाया पडले. ते मधूनमधून गाड्यांचा विषय काढत, एखादं विलायती मासिक माझ्यासमोर ठेवत. मी "हो" म्हणायची आणि ताट उचलून न्यायची.