रिंगखालची बसकी जागा

मित्रांनो, बास्केटबॉल खेळताना तुम्ही वर रिंगकडे बघता, हातातल्या चेंडूकडे बघता, समोरच्या मुलीच्या डोळ्यांत बघता. खाली सहसा कुणी बघत नाही. मी तिथली, खालची. एका जुन्या क्रीडागृहाची लाकडी जमीन. माझे वय झाले आहे, अंगभर ओरखडे आहेत, आणि पोटात एक गोष्ट आहे. ती ऐकायला गोड नाही, पण तुम्ही ऐकावी असे मला फार वाटते.

आधी मी नुसता फळ्यांचा ढीग होते. सुतारांनी एकेक फळी तासली आणि एकीची जीभ दुसरीच्या खाचेत घट्ट बसवली. फळ्यांखाली आधाराच्या आडव्या पट्ट्या घातल्या, पट्ट्यांखाली रबराचे तुकडे, आणि त्याखाली वीतभर पोकळी ठेवली. त्या पोकळीमुळेच उंच उडी मारून खाली आलेले पाऊल मला अलगद झेलता येई. मग पॉलिश झाले, रेघा आखल्या गेल्या, आणि माझ्यावर पहिला चेंडू पडला. काय खणखणीत आवाज होता तो.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. बाहेरचे बूट घालून कुणी आत पाऊल टाकले, की चौकीदार अंगावर धावून जाई. सामना संपला की थकलेल्या मुली माझ्यावर आडव्या पडत, गार लाकडाला गाल लावत आणि म्हणत, "अशी जमीन आमच्याकडे असती तर."

पुढे दिवस पालटले. क्रीडागृह प्रदर्शनांना भाड्याने देऊ लागले. लोखंडी कपाटे माझ्यावरून फरफटत गेली. परीक्षेची टेबले ओढली जात तेव्हा माझ्या अंगावर काटा येई. तरी ते सगळे वरवरचे होते. खरे दुखणे आले ते मागच्या भिंतीतून. छतावरचे पाणी खाली आणणारा पाइप भिंतीच्या आतच फुटला. वर ओल दिसेना, म्हणून कुणाला काळजी वाटेना. पाणी झिरपत झिरपत माझ्या पोकळीत उतरू लागले. हॉल गजबजलेला असताना तो थेंबांचा आवाज कुणाच्या कानी पडत नसे. हॉल रिकामा झाला, की मला तेवढाच आवाज ऐकू येई.

मागच्या रिंगच्या डाव्या अंगाला माझ्या आधाराच्या पट्ट्या हळूहळू कुजल्या. वरून मी होते तशीच चकचकीत. फक्त तेवढ्या जागी चेंडू उसळेना. धप्प असा बसका आवाज येई आणि चेंडू जागच्या जागी मरे.

ही गोष्ट सगळ्यांत आधी लक्षात आली ती आत्याच्या. आत्या म्हणजे इथल्या कॉलेजच्या मुलींच्या संघाची कोच. तिची सख्खी भाची संघाची कॅप्टन होती, ती आत्या म्हणे म्हणून सगळा संघच तिला आत्या म्हणू लागला. आत्या तरुणपणी माझ्यावरच खेळून मोठी झाली होती. राष्ट्रीय अजिंक्यपदाने तिला खेळाडू म्हणून हुलकावणी दिली होती आणि कोच म्हणूनही. तिने क्रीडागृहाच्या सचिवांच्या कानावर माझे दुखणे घातले. एकदा नाही, अनेकदा. सचिव दर वेळी मान डोलावत आणि म्हणत, बघू. शेवटी आत्याने सांगणे सोडून दिले. आणि मग, मित्रांनो, तिने त्या जागेचा उपयोग करायला सुरुवात केली.

भाचीला सगळे भिंगरी म्हणत. बुटकी, चपळ, एका जागी पाय ठरत नसे तिचा. आत्याने तिला शिकवले, की प्रतिस्पर्धी मुलीला अडवत अडवत त्या जागेकडे न्यायचे. तिथे तिचा चेंडू मरतो. तो मेला की उचलायचा आणि सुटायचे. "ही आपली सहावी खेळाडू," आत्या हसून म्हणे. मुलीही हसत. खाली माझी पट्टी आणखी थोडी भुसभुशीत झालेली असे.

त्या वर्षी महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आमच्या क्रीडागृहाला मिळाली. एकच धांदल उडाली. भिंती रंगल्या, दिवे बदलले, गॅलरीत नव्या खुर्च्या आल्या. मला पॉलिशचा जाड हात मिळाला. खाली डोकावून बघायचे कुणाच्या मनातही आले नाही. त्या पॉलिशने माझ्या फटी बुजल्या आणि खालची ओल खालीच कोंडली गेली.

आमच्या मुली जिंकत गेल्या. उपांत्य सामना तर हातचा गेलाच होता. पण प्रतिस्पर्धी संघाची मुलगी चेंडू घेऊन त्या जागेवर आली, चेंडू धप्प करून मेला, आणि ती वाकून बघते तोवर भिंगरी तो घेऊन पसार झाली होती. गॅलरीने क्रीडागृह डोक्यावर घेतले. मुलींनी भिंगरीला खांद्यावर घेतले आणि त्याच जागेवर सगळ्यांनी मिळून उड्या मारल्या. खाली पट्टीतून एक स्क्रू सुटला आणि पाण्यात पडला. तो आवाज फक्त मी ऐकला.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी पाहुण्या संघाचा सराव होता. त्यांची कॅप्टन इतकी उंच, की तिच्याच मैत्रिणी तिला शिडी म्हणत. मोठी सावध मुलगी. सरावाआधी ती एकटीच चेंडू आपटत माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. त्या जागेशी येऊन थांबली. पुन्हा चेंडू आपटला. भिंगरी तेव्हा बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती.

"इथे चेंडू उसळत नाही गं," शिडी म्हणाली. "खाली काही झालंय का?"

भिंगरीने मान वर केली नाही. "जुनी जमीन आहे. कुठे ना कुठे असं व्हायचंच."

शिडीने खांदे उडवले आणि ती सरावाला लागली. भिंगरी मात्र बराच वेळ ती नाडी सोडत आणि बांधत बसली.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणे आले, कॅमेरे लागले. पूर्वार्धात आमच्या मुली मागच्या रिंगवर चढाई करत होत्या. भिंगरी ती जागा टाळूनच खेळत होती, पण एका झटापटीत कुणाचा तरी धक्का लागला आणि ती नेमकी तिथेच पडली. उठायला तिने तळहात टेकला. फळी तिच्या हाताखाली दबली, आणि हात उचलताच फटीतून पाणी वर आले. थोडेसेच. पण भिंगरीच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

मध्यंतराला ती तडक बाकाकडे आली. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, मित्रांनो. आता त्या रिंगवर शिडीचा संघ खेळणार होता.

"आत्या, खालून पाणी येतंय. फळी आत जाते."

"इतके दिवस टिकली ना? अजून थोडा वेळ टिकेल."

"आणि नाही टिकली तर?"

आत्याने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "तुला जागा माहीत आहे. तुझा पाय तिथे पडणार नाही."

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. ज्या बाईने तिला लहानाची मोठी केली, जी तापात तिच्या उशाशी बसली, तिच्या तोंडून हे ऐकायची तिला सवय नव्हती. तिने बाटली खाली ठेवली आणि ती सरळ पंचबाईंकडे गेली.

पंचबाई आल्या. मागोमाग सचिवही लगबगीने आले. सचिवांनीच फडके मागवले, पाणी पुसले आणि बुटाच्या टाचेने फळी जराशी दाबून पाहिली. गॅलरी शिट्ट्या मारत होती. सचिव म्हणाले, की एवढ्या तेवढ्यासाठी राष्ट्रीय अंतिम सामना थांबवायचा म्हणजे जगभर हसे होईल. पंचबाईंचे समाधान झाले नव्हते. त्या आत्याकडे वळल्या.

"तुम्ही रोज इथे असता. तुम्ही काय म्हणता?"

आत्याने आधी त्या पुसलेल्या फळीकडे पाहिले. तेवढ्या वेळात मी सगळा जीव तिच्या पायांखाली एकवटला होता. पण लाकडाला बोलता येत नाही.

"काही नाही," आत्या म्हणाली. "मुलींचा घाम सांडलाय."

शिट्टी वाजली. उत्तरार्ध सुरू झाला. पहिल्याच थ्रोइनला, चेंडू रेघेबाहेरून आत टाकला जात असताना, भिंगरी शिडीच्या शेजारी उभी राहिली आणि ओठ न हलवल्यासारखे करून म्हणाली, "रिंगच्या डावीकडे जाऊ नकोस. फळी कुजली आहे. खरंच सांगते."

शिडी हसली. "काल तर नुसती जुनी होती."

तिचे काय चुकले? अंतिम सामन्यात समोरच्या संघाची कॅप्टन सांगते, की आमच्या रिंगपाशी जाऊ नकोस. तुम्ही तरी विश्वास ठेवला असता का?

त्यानंतर भिंगरीने एक वेगळाच खेळ मांडला. चेंडू सोडून ती त्या जागेवर लक्ष ठेवू लागली. शिडी तिकडे वळली की ही मध्ये घुसे, तिला दुसरीकडे रेटे. तिच्यावर फाउलमागून फाउल लागले. गॅलरीला वाटले, पोरीचे डोके फिरले. एकेका पावलासरशी माझ्या कुजक्या पट्टीचा एकेक धागा तुटत होता, आणि मला वर कुणाला काही सांगता येत नव्हते. पाचवा फाउल झाला आणि भिंगरीला नियमाप्रमाणे बाहेर जावे लागले. ती बाकावर बसली नाही. रेघेवर उभी राहून ती शिडीला हाका मारत राहिली, आणि त्या हाका गलक्यात विरून गेल्या.

रिंगवर आपटून एक चेंडू वर उडाला. शिडी त्याच्यामागे उडाली. सगळ्यांच्या हातांवरून तिने तो घेतला आणि ती खाली आली. सगळे वजन एका पायावर, आणि तो पाय नेमका त्या जागेवर.

मी तिला झेलू शकले नाही.

फळ्या मोडल्याचा आवाज गॅलरीच्या वरच्या रांगेपर्यंत गेला. शिडीचा पाय पोटरीपर्यंत आत गेला, आणि मोडक्या फळ्यांची टोके त्याच्याभोवती जबड्यासारखी आवळली. तिच्या मैत्रिणी तिला धरून वर ओढायला धावल्या.

"ओढू नका. पाय फाटेल तिचा."

हे बोलणारी आत्या होती. ती धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि नुसत्या हातांनी माझ्या फळ्या उपसू लागली. नखे मोडली, बोटांतून रक्त आले, तरी थांबली नाही. भिंगरीने शिडीला पाठीमागून घट्ट धरले होते. पाय मोकळा झाला, तेव्हा तो घोट्यापाशी भलत्याच दिशेला वळलेला होता.

स्ट्रेचर गेल्यावर आत्या उठली आणि पंचबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "घाम नव्हता तो," ती म्हणाली. "मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं." सचिव तिचा दंड धरून तिला बाजूला नेऊ लागले. तिने दंड सोडवून घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे तेच वाक्य पुन्हा म्हटले. त्यानंतर ती माझ्यावर कधी आली नाही.

सामना पुढे झालाच नाही. अजिंक्यपद कुणालाच मिळाले नाही.

काही आठवड्यांनी, भर दुपारी, कुबड्यांचा आवाज आला. शिडी होती. भगदाडाभोवती दोरी बांधलेली होती. दोरीपाशी भिंगरी उभी होती, तिनेच तिला बोलावले होते. दोघींनी आत डोकावून ते काळे पाणी पाहिले.

"डॉक्टर म्हणतात, चालेन नीट," शिडी म्हणाली. "उडी मारायचं काही सांगत नाहीत."

भिंगरी रडत होती. माफी मागायला तिने तोंड उघडले, तोच शिडीने हात वर केला.

"ते राहू दे. आदल्या दिवशी विचारलं होतं, ते आज सांग. अजून कुठे कुठे आहे?"

मग भिंगरीने खडू घेतला. ती टाचेने ठोकत, कान देत माझ्यावरून चालली. जिथे बसका आवाज आला तिथे वर्तुळ काढले. शिडी कुबड्यांवर तिच्या मागोमाग होती. मागच्या भिंतीपासून मधल्या रेघेपर्यंत वर्तुळेच वर्तुळे झाली. ती मोजायची हिंमत दोघींनाही झाली नाही.

सचिवांनी ती वर्तुळे पाहिली. त्यांनी भगदाड नव्या फळ्यांनी बुजवले, खडू पुसून घेतला आणि मला पुन्हा पॉलिश केले. भिंतीतला पाइप अजून तसाच आहे. भिंगरी आता लहान मुलींना शिकवते. ती रोज येते, खडूने वर्तुळे काढते, मुलींना त्यांच्या बाहेरच खेळायला लावते. संध्याकाळी कुणीतरी ती पुसते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काढते. भेटेल त्या अधिकाऱ्याला हात धरून दाखवायला आणते. काही जण येतात, काही जण म्हणतात, बघू.

आणि मित्रांनो, येत्या सुट्टीत शाळांच्या स्पर्धा इथेच भरायच्या आहेत. म्हणजे तुम्ही याल. मी दिव्यांखाली झळझळत असेन, तुमच्या पायांत नवे बूट असतील, गॅलरीत आईबाबा असतील. माझी एवढीच विनवणी आहे. शिट्टी वाजायच्या आधी खाली बघा. टाचेने ठोका, कान द्या. आणि बसका आवाज आला, तर तो आपल्या फायद्याचा आहे की दुसऱ्याच्या, याचा हिशेब करत बसू नका. मोठ्याने सांगा. कुणी ऐकले नाही, तर माझ्यावरून बाजूला व्हा आणि दुसऱ्यांनाही बाजूला करा.

मला झेलायचे आहे तुम्हाला. पण आता माझा भरवसा माझा मलाच उरलेला नाही.