बाळकृष्णाची सोयरीक

आमच्या अंगणात एकूण पाच तुळशी वारल्या. पाचवी गेली ती कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या बरोबर आठ दिवस आधी.

अंगण म्हणजे फार काही नाही. वाशीच्या आमच्या तळमजल्याच्या घरापुढे दहा बाय बाराचा एक तुकडा होता आणि आई त्याला बाग म्हणायची. १९८१ साली वाशीत कशालाही काहीही म्हटलं तरी चालत होतं. समोरच्या चिखलाला लोक सेक्टर म्हणत होते.

आईने त्या बागेत मोगरा लावला, जास्वंद लावली, कढीपत्ता लावला. मोगरा पंधरा दिवस टिकला. जास्वंदीने एक कळी दिली आणि ती उघडायच्या आत मान टाकली. कढीपत्त्याची लक्षणं ओळखून आम्ही तो वेळीच आमटीत घातला. मनीप्लांट मात्र घरात जोरात होता. तो खिडकीत, पाण्याच्या बाटलीत राहायचा. जमिनीशी संबंधच न आल्यामुळे आपण वाशीला राहतो हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

बाकीची झाडं गेली की आई हळहळायची. तुळस गेली की घाबरायची. याचं कारण भागीरथीआत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत, आम्ही वाशीला आल्यापासून, ती एकटी राहत होती. "ज्या जागेत तुळस तगत नाही त्या जागेत माणसाने राहू नये," हे वाक्य तिच्या प्रत्येक पत्रात असायचं. कधी कधी पत्रात तेवढंच असायचं. बाबांनी जन्मात आत्याचा शब्द मोडला नव्हता. मोडायची वेळ आली की त्यांना शिंका यायच्या. त्यात त्यांच्या ऑफिसातले शृंगारपुरेसाहेब आमचं घर भाड्याने मागत होते, आणि बाबांनी त्यांना "कार्तिकी पौर्णिमेला नक्की सांगतो" असं सांगून ठेवलं होतं. ठरलं होतं ते असं: आत्या तुळशीच्या लग्नाला येणार, स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. तुळस दिसली तर आम्ही वाशीला. नाही दिसली तर सामान बांधा, चला गिरगावात.

आईला परत जायचं नव्हतं. गिरगावात तिने अठरा वर्षं एका स्टोव्हवर आणि आत्याच्या नजरेखाली स्वयंपाक केला होता. इथे तिला स्वतःचा ओटा होता, ओट्यासमोर खिडकी होती, आणि खिडकीतून तिची झाडं दिसायची. मेलेली दिसायची, पण तिची होती.

पाचवी तुळस काळी पडली त्या सकाळी आई फाटकात उभी राहून जाईबाईची वाट बघत होती. जाईबाई शिरवण्याहून डोक्यावर पाटी घेऊन आमच्या भागात माठ आणि अळू विकायला यायची.

"जाईबाई, तुमच्याकडे तुळस आहे का हो? चांगली वाढलेली?"

"दोन हायेत. मोठी दारात, न् तिची लेक कुंडीत. पोराला धाडा."

पोर म्हणजे मी. वय वर्षं वीस. मी सायकल आणि सुतळी घेऊन शिरवण्याला गेलो. लेक खरोखर देखणी होती. कुंडीसकट माझ्या छातीला लागत होती आणि तिच्या मंजिऱ्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता.

"घेऊन जाऊ?" मी विचारलं.

"अशीच?"

"नाही नाही, सायकलला बांधतो ना."

जाईबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी सायकल दोन पावलं मागे घेतली.

"लगीन आठ दिसांवर आलंय, न् मी उपवर पोर सायकलला बांधून परक्या घरी धाडू? आमच्यात नाय देत अशी. लगीन लावून देताव."

इथे माझी चूक झाली. म्हणजे मी विनोद केला. म्हटलं, "मग द्या की लग्न लावून. आमच्याकडे मुलगा आहे. बाळकृष्ण."

जाईबाई हसली नाही. ती खाटेवर बसली, मलाही बसायला सांगितलं, आणि नामदेवला, म्हणजे तिच्या थोरल्या मुलाला, हाक मारली. नामदेव मिशीला बोट लावत येऊन बसला.

"मुलगा काय करतो?" जाईबाईने विचारलं.

"देव आहे."

"आईला समदेच देव वाटतात. ऱ्हातो कुठं?"

"वाशीला. देव्हाऱ्यात."

"सवताचा का भाड्याचा?"

"स्वतःचा. सागवानी आहे."

"घरात कोन कोन?"

"एक गणपती, एक अन्नपूर्णा आणि एक शंख."

"म्हंजे सासू हाय."

"अन्नपूर्णा आहे, पण ती फारशी बोलत नाही."

जाईबाईने नामदेवकडे बघितलं. नामदेवने बराच वेळ विचार केला. "स्थल बरं हाय," तो म्हणाला.

माझ्या हातावर साखर ठेवण्यात आली. मी सुतळी खिशात घातली आणि रिकामी सायकल घेऊन घरी आलो.

"तुळस कुठाय?" आईने विचारलं.

"सोयरीक झाली," मी म्हटलं.

आईने पूर्ण हकीगत ऐकली आणि मला अंगणात उभं केलं. जेवायची वेळ झाली तेव्हा आत घेतलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी आत्या बसने आली. एका पिशवीत चिंचा-आवळे, दुसऱ्या पिशवीत चिरमुरे, तोंडावर निकाल. आईने वृंदावन गेरूने रंगवलं होतं, भोवती रांगोळी घातली होती, उसाची खोपटी बांधली होती. मधे नुसती माती होती. आत्याने चष्मा पुसला.

"तुळस कुठाय, मधू?"

बाबांना शिंक आली.

"संध्याकाळी येतेय, आत्या," मी म्हटलं. "टेम्पोने."

"तुळस घरात असते, सुधीर. येते-जाते ती बस."

मग आईने एका दमात सगळं सांगून टाकलं: जाईबाई, लेक, साखर, मुलीकडची चौदा माणसं जेवायला. आत्या ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होऊ लागलं.

"थांब," ती म्हणाली. "मुलगी त्यांची, मुलगा आपला. म्हणजे आपण वरपक्ष?"

इथे एक सांगायला हवं. चाळीतल्या एकोणीस लग्नांत आत्याने वरपक्ष सांभाळला होता. त्यातल्या दोन लग्नांत ती वधूकडची असूनही. पण तुळशीच्या लग्नात तिची दरवर्षी कोंडी व्हायची. तुळस घरची, म्हणजे आपण मुलीकडचे. कमरेत वाकायचं कुणासमोर, तर आपल्याच देव्हाऱ्यातल्या देवासमोर. पन्नास वर्षं तिने हे सहन केलं होतं.

तिने पदर खोचला. "मुलाला आंघोळ घातली का? पितांबर कुठाय? मधू, शिंकत काय बसलास, पाहुण्यांच्या पायांवर घालायला पाणी काढ."

साडेपाचला टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, हिरवं लुगडं नेसून, नवरी बसली होती. बाकीची चौदा माणसं मागे उभी होती. नामदेवने तिला मांडीवरून उतरवावं तसं उतरवलं. जाईबाईने आत्याला कुंकू लावलं, आत्याने जाईबाईला लावलं, आणि दोघी एका पावलाने मागे सरून एकमेकींना नीट बघू लागल्या.

आईने बाळकृष्णाला आणून पाटावर ठेवलं. आमचा बाळकृष्ण दीड इंचाचा आहे, पितळेचा, रांगता.

"मुलगी जरा उंच वाटते," आत्या म्हणाली.

"पोर नेमस्त हाय. मुलगाच ठेंगना हाय."

"आमच्याकडे सगळे बेताच्याच उंचीचे. पण बुद्धी बघा."

"बगते की. आजून रांगतोय."

"लाडाकोडातला आहे."

"मंग लाडू कोन भरवनार? माजी पोर?"

उंचीवर तोड काढायला हवी होती. पाटावर पिठाचा डबा ठेवला, डब्यावर पोळपाट, पोळपाटावर तांब्या, तांब्यावर बाळकृष्ण. तो वर पोचला तरी नवरीच्या खांद्यालाच लागला, पण दोन्हीकडच्यांनी ते चालवून घेतलं. मी आणि नामदेवने बाबांचा पंचा अंतरपाट म्हणून धरला. बाबांनी मंगलाष्टकं म्हटली. तीस वर्षं सरकारी नोकरी केल्यामुळे ते कुठलीही गोष्ट परिपत्रकासारखी वाचतात. "शुभमंगल सावधान" ऐकून मला वाटलं आता खाली सही करायची आहे. अक्षता पडल्या. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"आता पोरीला तिच्या जाग्यावर बसवू," म्हणत जाईबाई वृंदावनाकडे गेली. तिने आतली चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"मीठ."

ती आईकडे वळली.

"ही माती कुठली?"

"अंगणातलीच," आई म्हणाली.

"खाडीची भरनी हाय ही. आमचा जल्म मिठागरात गेला, मना कोन फसवनार? ह्या मातीत मीठ पिकंल, तुलस नाय. आदी कवा लावलेली?"

मला खोटं बोलता येतं. आईला येत नाही. "पाच," ती म्हणाली. "पाच लावल्या. पाचही गेल्या."

"पाच सुना गेल्या ह्या घरात!" जाईबाईने कपाळाला हात लावला. "न् सोयरिकीला बसला तवा ह्या पोरानं एक सबूद काडला नाय. नामदेव, उचल तिला. टेम्पो फिरव."

नामदेवने कुंडीला हात घातला. चौदा माणसं फाटकाकडे वळली.

आत्याला हवं होतं ते सगळं आता हातात होतं. तुळस जगत नाही, आणि हे सांगत होती मातीची चव ओळखणारी बाई, आईच्याच कबुलीसकट. आत्याने फक्त "मी म्हणत नव्हते?" एवढंच म्हणायचं होतं. बाबांनी शिंकेची तयारी म्हणून रुमाल काढला. आईने पाठ फिरवली आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिली.

आत्याने तोंड उघडलं.

"विहीणबाई, अक्षता पडल्यावर मुलगी परत न्यायची रीत आमच्यात नाही."

"न् पोर मारायची हाय?"

"कुंडी खाली ठेवा, नामदेवराव. काय कमी आहे हो या घरात? नळाला दोन वेळा पाणी येतं. वारा बघा. सकाळचं ऊन दारात येतं. माझ्या गिरगावात ऊन बघायला गच्चीवर जावं लागतं! आणि सुनीती..." इथे आत्या अडखळली. अठरा वर्षांत तिने हे वाक्य एकदाही म्हणून बघितलं नव्हतं. "सुनीतीकडे कुणाला जाच नाही. पाच गेल्या म्हणता, पण पाचही वेळा नवी आणली तिने. दुसरी असती तर प्लास्टिकची आणून मोकळी झाली असती."

आई वळली. तिच्या हातात अजून अक्षतांचं ताट होतं.

जाईबाईने कुंडीकडे बघितलं, मग आईकडे. "बाय, तुजं काय बी नाय. मातीचं बोलतेय मी."

"माती बदलू," आत्या म्हणाली.

"किती?"

"तुम्ही सांगा."

"दोन हात खोल काडायची. समद्या अंगनाची. तलाला इटांचं तुकडं, वर आमच्या शेताची माती न् शेनखत. माती नामदेव आनील, ती माहेरची. खनायचं तुमी."

"मधू खणेल," आत्या म्हणाली. बाबांना शिंक आली, पण यावेळी कुणी लक्ष दिलं नाही.

"न् नवी पालवी फुटंस्तवर घरात मोठं मानूस पायजे. ह्या पोराच्या भरवशावर नाय मी पोर ठेवनार." बोट माझ्याकडे होतं.

"मी आहे ना," आत्या म्हणाली.

ती काय बोलली हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नसावं. नंतर आलं असेल तर तिने दाखवलं नाही. चौदा माणसं परत आत आली, जेवली, आणि मसालेभात खारट नाही याची जाईबाईने दोनदा खात्री करून घेतली.

पुढचे तीन दिवस बाबा आणि मी खणत होतो. आत्या खुर्ची टाकून बसायची आणि प्रत्येक घमेल्यामागे "अजून" म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिने तिचा पलंग, म्हणजे आतापर्यंत माझा असलेला पलंग, खिडकीपाशी ओढून घेतला. नवरी तिथून दिसत होती. आई ओट्यापाशी चहा करायची आणि आत्या बाहेरून ओरडायची, "साखर घातलीस का गं?" आई आतून ओरडायची, "घातली!" गिरगावात एवढ्या मोठ्याने बोलायला जागा नव्हती. दोघींना ते आवडत असावं.

पौर्णिमेला संध्याकाळी शृंगारपुरेसाहेब मोजपट्टी घेऊन आले.

"म्हटलं, कपाट बसतंय का बघून घ्यावं," ते बाबांना म्हणाले. "मग आज ठरवायचं ना?"

बाबांनी कुदळ खाली ठेवली आणि आत्याकडे बघितलं. आत्या वृंदावनापाशी उभी होती, कोपरापर्यंत चिखलात. माहेरची माती आली होती आणि नवरी नुकतीच आपल्या जागेवर बसली होती. लुगडं आईने नीट नेसवून दिलं होतं.

"माफ करा, साहेब," आत्या म्हणाली. "घरात नवी सून आलीय. आता कसं देणार?"

साहेबांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग वृंदावनाकडे. ते फार सभ्य गृहस्थ. त्यांनी मोजपट्टी गुंडाळली, बूट काढले, खिशातून पाचाची नोट काढून तुळशीच्या पदराखाली ठेवली आणि हात जोडून "नांदा सौख्यभरे" म्हणाले.

"चहा घेऊनच जा," आई म्हणाली, आणि आत जाऊन तिने आधण ठेवलं.