शुक्रवारचा घेवडा

टीव्हीवर बागकाम शिकवावं तर डेझमंड पार्जिटरने, असं आमच्याकडे लोक म्हणतात. मी एकवीस वर्षं त्याच्या बागेची मुख्य माळीण. मला विचाराल तर त्याचं कारण त्याचं ज्ञान नव्हे. ज्ञान माझ्याकडे जास्त आहे, पण कॅमेरा सुरू झाला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. डेझमंडची गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या काळात एकदा त्याचे सगळे कांदे सडले. त्याने सडका कांदा कॅमेऱ्यासमोर धरला, नाक मुरडलं आणि हे माझं कर्तृत्व, पाणी जास्त घातलं, असं सांगून मोकळा झाला. पुढच्या आठवड्यात पोत्याने पत्रं आली. ज्यांचे ज्यांचे कांदे सडले होते, त्या सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

अलीकडे मात्र आमच्या बागेत काहीच मरत नाही. आमची निर्माती फिलिपा म्हणते, लोक आठवडाभर राबून शुक्रवारी संध्याकाळी टेकतात, त्यांना मेलेली रोपं कशाला दाखवायची? म्हणून मी प्रत्येक रोपाचा एक जोडीदार काचघरात कुंडीत वाढवून ठेवते. वाफ्यातलं रोप गेलं की त्या जागी कुंडीच मातीत पुरायची आणि वर पालापाचोळा पसरायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. डेझमंड फक्त मंगळवारी चित्रीकरणाला येतो. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

यंदा मेच्या सुरुवातीला त्याने कार्यक्रमात बिनदिक्कत सांगितलं, थंडी सरली, आता घेवडा बाहेर लावा. अजून आठवडाभर थांब, असं मी त्याला बजावलं होतं. पण फिलिपाला तो भाग तेव्हाच हवा होता आणि डेझमंडला हल्ली वाद नको असतो. चौदा तारखेला पहाटे पाणी गोठवणारं दहिवर पडलं, आणि आमचा घेवडा काळा ठिक्कर पडला. नऊच्या आत मी बारा कुंड्या पुरल्या. मला कुणी सांगावंही लागलं नाही, याची आज जास्त लाज वाटते. पुढच्या शुक्रवारी सगळ्या देशाने डेझमंडचा हिरवागार घेवडा पाहिला.

त्यानंतरच्या मंगळवारी पत्र आलं. लँकेशर परगण्यातल्या विल्फ एंटविसल नावाच्या एकोणऐंशी वर्षांच्या गृहस्थांचं. वर नीटनेटक्या अक्षरात पत्ता, फोन नंबर, खाली मोजका मजकूर. नगरपालिकेने भाजीपाल्यासाठी दिलेला जमिनीचा एक तुकडा ते तीस वर्षं कसत होते. बायको गेल्यापासून दिवसातून दोनदा तिथे जात. अठरा वर्षं डेझमंड ज्या आठवड्यात जे लावेल, त्या आठवड्यात तेच त्यांनी लावलं. यंदा त्यांचा घेवडा सगळाच गेला आणि डेझमंडचा उभा राहिला, म्हणजे आपलीच समज आणि हात गेले असणार. येत्या शनिवारी जागा सोडून फाटकाची किल्ली परत करतोय, आजवरच्या सोबतीबद्दल आभार.

डेझमंडने पत्र दोनदा वाचलं.

"हेस्टर, आपला कसा गं वाचला?"

"नाही वाचला," मी म्हटलं.

तो पालथ्या खोक्यावर बसला आणि त्याने आपल्या स्वच्छ नखांकडे पाहिलं. मग उठून थेट कॅमेऱ्यासमोर गेला. फिलिपाने सुरू म्हणताच त्याने घेवड्याच्या मांडवापाशी बसून दोन्ही हात मातीत घातले आणि वेलासकट काळी प्लास्टिकची कुंडी उपसून काढली.

"विल्फ, हा माझा घेवडा नाही. माझा तुमच्याबरोबरच मेला. मी घाई केली, चूक माझी आहे. तुमच्या हातांना काही झालेलं नाही. जमीन सोडू नका."

मला रडू आलं. फिलिपा गोड आवाजात म्हणाली, छान झालं, आता एकदा हा भाग वगळून पुन्हा घेऊ या. त्याने साफ नकार दिला. नंतर अवजारांच्या खोलीत आम्ही दोघांनी चहा घेतला. एक काम झालं, विल्फना सांगून झालं, असं म्हणत तो किती वर्षांनी मोकळं हसला. त्याची नखं काळी झाली होती आणि मला तो पुन्हा तोच कांदेवाला डेझमंड वाटला.

शुक्रवारी मी टीव्हीसमोर बसले. घेवडा दिसला, लांबून, संगीतासकट, आधीच्या आठवड्यातला. कुंडी नव्हती आणि विल्फही नव्हते. डेझमंडला फोन केला तर तो म्हणाला, फिलिपा फोन उचलत नाहीये.

शनिवारी सकाळी घेवड्याची रोपं गाडीत टाकून मी विल्फ यांच्याकडे निघाले. तीन तासांचा रस्ता, त्यात वाटेत कामं चाललेली. पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. वरातीमागून घोडं. विल्फ यांच्या तुकड्यावर एक तरुण जोडपं फीत धरून मापं घेत होतं. फाटकाजवळच्या बाकावर एक किडकिडीत म्हातारा मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन बसला होता, खोक्यात खुरपं आणि हातमोजे. विल्फच ते. मी नाव सांगितलं, शेजारी बसले आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. जागेसाठी सात वर्षांची रांग आहे, दिलेली किल्ली परत मिळत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"म्हणजे तुमचासुद्धा गेला," ते म्हणाले.

"बाराच्या बारा."

"अन् तो कॅमेऱ्यासमोर तसं बोलला?"

"तुमचं नाव घेऊन. त्यांनी ते कापून टाकलं."

त्यांनी खोक्यातले हातमोजे एकावर एक नीट ठेवले.

"काल रात्रीपर्यंत मी किल्ली दिली नव्हती. म्हटलं, पत्र पोचलं असेल, एखादा शब्द बोलेल. कार्यक्रम शेवटपर्यंत बघितला मी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंगळवारपासून चार दिवस होते, पोरी. पत्रात वर फोन नंबर लिहिला होता ना मी?"

पत्र माझ्या खिशातच होतं.

"लिहिला होता," मी म्हटलं.