अख्ख्या गल्लीचे हात

मी एक जुने घमेले आहे. मित्रांनो, माझा जन्म तमाले शहराच्या भंगारबाजारात झाला. एका मालट्रकचे निकामी इंजिन वितळवून ओताऱ्यांनी मला घडवले. वेग माझ्या रक्तात आहे. आयुष्य मात्र सनातू नावाच्या बाईच्या अंगणात एका जागी बसून गेले.

सनातू माझ्यात शियाच्या झाडाच्या बियांचे लोणी काढायची. भाजून दळलेल्या बियांचा तपकिरी गोळा पाणी घालत फेसायचा. फेसता फेसता तो फिका पडू लागतो. तो क्षण ओळखून गार पाणी ओतणे, ही सनातूची हातोटी. इतरांचे लोणी लवकर खवट व्हायचे, तिचे वर्षभर टिकायचे. व्यापारी तिचे कौतुक करता करता माझ्यावरही एक थाप मारायचे.

आमच्या गल्लीत एक रीत होती. कुणी लोणी फेसत असली की जाणाऱ्या-येणाऱ्या बाईने बाह्या सरसावून हात घालायचा. विचारायचे नाही, आभारही मानायचे नाहीत.

एकदा राजधानी अक्राहून एका कंपनीचा माणूस, ओफोसू, आला. म्हणाला, "मावशी, मी पण हात घालू?"

"पुरुष लोणी काढणार! मिशीला लावायला का रे?" शेजारची अझारा म्हणाली.

"येऊ दे गं, पाहुणा आहे," म्हणत सनातूने त्याचे मनगट धरून तो क्षण त्याला दाखवला. पाहुणा रोज येऊ लागला. मग येईनासा झाला आणि हमरस्त्यावर त्याच्या कंपनीचा लोण्याचा कारखाना आला. डब्यावर छापले होते, 'आमची खास पद्धत'. व्यापारी तिकडे वळले.

सनातू कोर्टात गेली. आपली हातोटी कारखान्याने वापरू नये, एवढेच तिचे मागणे होते.

"मावशी, कायदा याला नो-हाऊ म्हणतो," तिचा वकील म्हणाला. "ते उपयोगाचं हवं, नीट सांगता येणारं हवं आणि गुप्त हवं."

"गुप्त म्हंजे?"

"कुणाला दाखवायचं नाही."

"मग ते माणसाला येतं कसं?"

वकिलाने घड्याळ पाहिले.

मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवले होते. कंपनीच्या वकिलाने अझाराला विचारले, "तुम्ही कधी या घमेल्यात हात घातलाय?"

"म्हंजे काय! अख्ख्या गल्लीनं घातलाय. सनातूनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही. असं मन तुमच्याकडं कुणाचं आहे का, सांगा!"

सनातूचे डोळे भरून आले. तिच्या वकिलाने फाईल मिटली. न्यायाधीश म्हणाले, जे सगळ्या गल्लीला ठाऊक, ते गुप्त नाही. कारखाना चालू राहील.

पायऱ्या उतरताना वकिलाने सल्ला दिला, "यापुढं दार लावून काम करा."

तिने ऐकले. अझाराने दार वाजवले. "हात देऊ का गं?"

"नको."

"रागावलीस होय?"

"नाही गं. कायदा आहे."

एवढा गोळा एकटीच्या हातांनी आवरत नाही. फिका पडायची वेळ येईपर्यंत तिला धाप लागायची आणि क्षण निसटायचा. त्या वर्षी सनातूचे लोणी खवट झाले. नंतर तिने काढलेच नाही. आता गल्ली कारखान्याचे डबे आणते. लोणी चांगले असते, हे मला कबूल केले पाहिजे.

मित्रांनो, घरातली हातोटी जपा, असे सांगणार होतो. पण दार उघडे ठेवले तर ती कंपनीची होते, आणि लावून घेतले तर कुणाचीच राहत नाही. तिसरे दार मी पाहिलेले नाही. तेव्हा निदान घमेली तरी घासून ठेवत जा.