तीच वायर

सीता ऑफिसातल्या कुठल्याही यंत्राला घाबरत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फॅक्समध्ये कागद अडकला की ती बिनधास्त त्याच्या पोटात हात घाली. कॉम्प्युटर रुसला की त्याला बंद करून पुन्हा चालू करी आणि वर दोन शब्द सुनावी. त्यामुळे भाईंनी पुण्याहून मागवलेला इंटरनेटचा फोन बसवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं, यात नवल काहीच नव्हतं.

भाई मासळीचे व्यापारी. मालवणच्या बंदरावर वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. सुरमई नि कोळंबी बर्फात घालून ते पणजीला पाठवत आणि तिथून ती दुबईला जाई. दुबईवाल्याशी बोलायचं तर भाई बिलाच्या धास्तीने घड्याळाकडे बघत, अर्धं वाक्य गिळत बोलत. पलीकडच्याला काय कळायचं ते कळो. २००८ सालची दिवाळी झाली आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात हा फोन भरवला. पणजी, दुबई आणि मालवण, तिन्ही ठिकाणी सारखाच फोन बसवायचा आणि आपापसात हवं तेवढं फुकट बोलायचं. बाहेरच्या कुणाला मात्र त्यावरून फोन लागणार नव्हता.

पुण्याचा माणूस भाईंच्या मोबाइलवर सांगत होता आणि सीता करत होती. भिंतीतून येणारी टेलिफोनची वायर जुन्या फोनातून काढून मोडेमच्या मागच्या भोकात. मोडेममधून निघालेली करडी वायर नव्या फोनात. मग फोनच्या छोट्या पडद्यावर खातं आणि पासवर्ड. एकेका अक्षरासाठी एकच बटण चारचार वेळा दाबायचं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा पडद्यावर ‘मालवण १०१’ असं आलं आणि लगेच पणजीच्या पोरीचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. सीता खूश झाली. भाई तर लग्नघरात असल्यासारखे फिरायला लागले.

“ह्यो जुनो फोन आता कपाटात ठेव गो,” ते म्हणाले. “वायर तीच, मगे नंबर पण तोच. येतलो तो फोन हेच्यारच येतलो.”

पुण्याच्या माणसाने तोवर फोन ठेवला होता. सीतेलाही ते पटलं. तिने रिसीव्हरची वायर जुन्या फोनाभोवती गुंडाळली आणि आपल्या हाताने फोन कपाटाच्या खालच्या खणात टाकला. संध्याकाळचे पाच वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा फिरला. दक्षिणेकडून यायला लागला, आणि अकराच्या सुमारास समुद्राचा रंग बदलला. होड्या एकेक करून परत आल्या. भाईंची लाँच आली नाही. त्या लाँचचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा मुख्य माणूस, सीतेचा नवरा सत्यवान होता.

मालवणच्या बंदरात शिरायची वाट खडकांमधून आहे. समुद्र शांत असला तर शाळकरी पोरंही होडी आत आणतील. उधाण आलं की त्या वाटेवर लाटा फुटतात, आणि बाहेरून येणाऱ्याला ते कळत नाही. त्याला लाटेची नुसती पाठ दिसते, फेस दिसतो तो किनाऱ्यावरच्याला. भाईंच्या खिडकीतून ती वाट तळहातासारखी दिसे. म्हणून वाटेच्या तोंडाशी आला की सत्यवान ऑफिसला फोन करी. “ऑफिस?” एवढंच विचारी. सीता खिडकीतून बघे आणि “येवा” म्हणे, नाहीतर “देवगड” म्हणे. देवगडचं बंदर वाऱ्यापासून आडोशाला, तिकडे जायचं. बायको म्हणून तो तिच्याशी बोटीवरून एक शब्द बोलत नसे. बोटीवरून घरच्या माणसाला हाक मारायची नाही, हा त्याच्या बापाचा नियम. तो त्याने इतका पाळला की घरचा एकुलता मोबाइल बोटीवर असूनही त्याला माहीत असलेला नंबर एकच, ऑफिसचा. समुद्रात तो मोबाइल बंद करून पिशवीत बांधून ठेवलेला असे. किनारा जवळ आला की उघडायचा.

बारा वाजता खिडकीतून पाहिलं तेव्हा वाटेवर सगळा फेस होता. पाणी कुठे दिसतच नव्हतं. ‘देवगड’ हा शब्द सीतेच्या तोंडात तयार होता. फोन वाजला की झालं.

फोन वाजेना. साडेबारा झाले, एक झाला. ती खुर्ची खिडकीपाशी ओढून बसली, एक डोळा समुद्रावर, एक फोनवर. तिने डबा उघडला आणि तसाच झाकला. नव्या फोनच्या पडद्यावर ‘मालवण १०१’ दिसत होतं, म्हणजे फोन ठीक होता. ठीक असलेला फोन वाजत नाही, याचा अर्थ सत्यवानने तो केलाच नाही. आणि किनाऱ्याजवळ येऊन तो फोन करत नाही, असं आठ वर्षांत एकदाही झालं नव्हतं.  तिने डोकं दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला, काल लिहून ठेवलेला पासवर्ड पुन्हा चांगल्या अक्षरात लिहून काढला, पण डोळे खिडकीकडेच जात होते.

एकदा फोन वाजला. तिने झडप घातली. सकाळीच पणजीला गेलेले भाई तिथल्या नव्या फोनवरून बोलत होते.

“सीता, दुबयचो फोन येतलो तीन वाजता. जाग्यारसून हालू नको.”

“भाईनू, लाँच येवक नाय अजून.”

“सत्यवान कच्चो तांडेल नाय. येतलो.” आणि ठेवला.

अडीचच्या सुमारास जिना धडधडला. तुळसा वर आली, ओलीचिंब. बंदरावर मासे विकणारी बाई. तिचा मुलगा ओंकार याच लाँचवर होता. आल्या आल्या तिने सीतेवर तोंड सोडलं.

“काय गो, फोन कित्याक उचलणस नाय? बारा वाजल्यापासून लावतंय. नुसती बेल वाजता!”

“खंयची बेल? हय फोन वाजूकच नाय, तुळसाकाकी.”

“मगे माझ्या कानात वाजली ती काय देवळातली घांट?”

सीतेने तिच्या हातातला मोबाइल घेतला. ओंकारने आईला घेऊन दिलेला, आत दोनच नंबर. तिने ऑफिसचा दाबला आणि कानाला लावला. टर्र, टर्र. पलीकडे बेल वाजत होती, अगदी नीट, लांब लांब. आणि समोर टेबलावरचा फोन गप्प होता. दिवा नाही, आवाज नाही. तिने मोबाइल कानापासून दूर धरला, पुन्हा लावला. बेल चालूच.

तिला तेव्हा जी भीती वाटली तशी आयुष्यात पुन्हा वाटली नाही. सत्यवान फोन करत होता. कदाचित तासभर करत होता. बेल वाजत होती आणि ती ऐकायला जगात कुणी नव्हतं, कारण ऐकणारा फोन तिने काल आपल्या हाताने कपाटात टाकला होता. वायर तीच होती, पण नवा फोन त्या वायरीतून फक्त इंटरनेट पीत होता. जुन्या नंबराशी त्याचं काही नातंच नव्हतं.

तिने सत्यवानचा नंबर मोबाइलवर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

“काय झाला गो?” तुळसाने विचारलं. 

 सीता कपाटापुढे गुडघ्यांवर बसली. खालच्या खणात रजिस्टरं, बर्फाच्या पावत्या, त्यांच्याखाली फोन. वायर सोडवताना गाठ बसली ती तिने दातांनी ओढली. मग मोडेमच्या मागची टेलिफोनची वायर उपटली. नव्या फोनचा पडदा क्षणभर लुकलुकला आणि ‘मालवण १०१’ गेलं. तीन वाजायला दहा मिनिटं होती. दुबई गेली खड्ड्यात. जुन्या फोनच्या भोकात तिची पिन बसेना, उलटी होती. फिरवली, बसली. रिसीव्हर उचलला. गूं असा आवाज आला. तिने रिसीव्हर जपून खाली ठेवला आणि दोघी त्याच्याकडे बघत जमिनीवरच बसल्या.

वाजला.

“ऑफिस?” मागे इंजिन आणि वारा.

“व्हय!”

“चार खेपे फोन केलंय. कोण उचलूक नाय. डिझेल कमी आसा. मी आत घेतंय.”

सीता रिसीव्हरसकट उभी राहिली आणि वायर ताणून खिडकीपाशी गेली. फेसाच्या पलीकडे, वाटेच्या अगदी तोंडावर, लाँचची डोलकाठी वर येत होती नि खाली जात होती. पुढची लाट तिला उचलून खडकावर टाकणार, हे इथून शाळकरी पोरालाही दिसलं असतं. ‘देवगड’ हा शब्द तिच्या तोंडातून निघालाच नाही. समुद्रावरच्या माणसाला ‘जा’ म्हणायचं नसतं. बंदरावरची कुठलीही बाई ते म्हणत नाही, भांडणातसुद्धा नाही.

“येव नकात!” ती किंचाळली. “फिरवा! जावा! हयसून जावा! जावा!”

तुळसाने कानांवर हात ठेवले. फोनमध्ये इंजिनचा आवाज चढला, कुणीतरी ओरडलं आणि फोन कट झाला. काठी आडवी झाली. इतकी आडवी की सीतेने डोळे मिटले. उघडले तेव्हा काठी उभी होती आणि लाँचची पाठ बंदराकडे होती. ती उत्तरेकडे, त्या काळ्या समुद्रात, लहान लहान होत गेली. नवरा आपल्यापासून दूर जातोय याचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. पण डिझेल कमी होतं, आणि देवगड लांब.

भाई पणजीहून नव्या फोनवर लावत असतील, पण तो बंद पडला होता. चार वाजले, पाच वाजले. पावणेसात वाजता जुना फोन वाजला, आणि दिवसभर त्या बेलची वाट बघणाऱ्या सीतेचा हात पुढे होईना. दोन बेल झाल्या. तिसऱ्या बेलला तुळसाने रिसीव्हर घेतला. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकली.

“पोचले गो,” ती म्हणाली. “सगळे पोचले. देवगडच्या बंदरावरसून बोलता. तुका मागता.”

जमिनीवरून बोलत होता, म्हणजे आता बायकोशी बोलायला हरकत नव्हती. सीतेने रिसीव्हर कानाला लावला.

“दुपारी खंय होतंस गो?” सत्यवानने विचारलं. रागाने नाही. घाबरलेल्या माणसाच्या आवाजात.

“हयच होतंय,” सीता म्हणाली. “फोनाच्या म्होरच बसलेलंय.” आणि मग तिला रडू आवरेना.