चौथ्या खोलीचं दार

ज्या शहरातून समुद्र बघायला रात्रभर बसमध्ये बसावं लागतं, त्या शहरात सरितानं समुद्रातल्या एकपेशीय जीवांच्या जीवाश्म कवचांवर डॉक्टरेट मिळवली. त्यामुळं ती उस्मानपुऱ्यातल्या एका कॉलेजात कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती, यात नवल नव्हतं. आता कायमची जागा निघाली होती. निवड समितीपुढं एक पाठ घ्यायचा. जमला तर जागा, नाहीतर पुन्हा तासिका.

पाठासाठी तिनं मुकुंदवाडीच्या कडुबाकडून एक कवच करून घेतलं. कडुबा एरवी गणपती घडवतो. खरा जीव वाळूच्या कणाएवढा, हे कवच घागरीएवढं. एकमेकींना चिकटलेल्या चार गोल खोल्या, प्रत्येक आधीच्या खोलीपेक्षा मोठी, प्रत्येकीला दार म्हणून एक भोक; आधीच्या खोल्यांची दारं पुढच्या खोलीनं झाकलेली, शेवटच्या खोलीचं उघडं. कडुबानं फुग्यांवर प्लास्टर चढवून त्या केल्या. त्याआधी त्यानं डोळे, हात, वाहन यांची रीतसर चौकशी केली. विसर्जन कितव्या दिवशी, हेही विचारलं. याचं विसर्जन कोट्यवधी वर्षांपूर्वीच झालंय, असं सरितानं सांगितलं.

पाठाच्या सकाळी कडुबा कवच मांडीवर सांभाळत रिक्षातून आला, डागडुजीला लागलं तर म्हणून प्लास्टर आणि फुगेही घेऊन. काम देखणं होतं. फक्त भोक नव्हतं. ते त्यानं बुजवून, घासून, वर रंगाचा हात मारला होता. पाल शिरली असती, असं त्याचं म्हणणं.

त्याच दारातून तो जीव बाहेर पसरतो आणि पुढची खोली बांधतो, दार नसेल तर पाठच नाही, हे सरितानं समजावलं. कडुबा ऐकेना. तयार झालेली मूर्ती भंगू द्यायची नसते.

"मूर्ती नाहीये ती, कडुबा."

"देवाच्या बी आधीचं हाय म्हनून तुम्हीच म्हन्लात ना, मॅडम? मी नाय फोडनार."

मग सरितानंच पिशवीतून जीवाश्मांसाठी दगड फोडायची हातोडी काढली आणि हलकेच मारली. अख्खी चौथी खोली खाली आली. तेवढ्यात शिपायानं तिचं नाव पुकारलं.

समितीचे अध्यक्ष काकासाहेब. शिक्षणाशी त्यांचा संबंध खुर्चीपुरता, पण तो जुना होता. फुटकंच आणलंय का, असं त्यांनी विचारलं. पुढची खोली आपल्यासमोरच बांधायची आहे, असं सरिता म्हणाली आणि तिनं कडुबाला आत बोलावलं.

तिसऱ्या खोलीचं दार शाबूत होतं. ते झाकलंच जाणार म्हणून बुजवायचं कडुबाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं दारापाशी फुगा लावला. सरिता सांगू लागली: हा जीव असाच एक पातळ पडदा फुगवतो, समुद्राचं पाणी घोट घोट आत घेतो आणि त्यातला चुना पडद्याच्या आतून-बाहेरून चढवतो. कडुबाला आतून चढवणं जमणार नाही, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. कडुबानं बाहेरून प्लास्टर चढवलं, आणि सवयीनं चौफेर गुळगुळीत बंद केलं.

सरितानं ते पाहिलं. बोलायला वेळ नव्हता, कारण काकासाहेब उठून जवळ आले होते. कुणाचंही बांधकाम दिसलं की ते तपासल्याशिवाय त्यांना राहवत नसे. वाळलं का बघायला त्यांनी बोट लावलं. बोट आत गेलं, फुगा फुटला.



"बरोबर, सर," सरिता म्हणाली. "दार तिथंच असतं."

काकासाहेबांनी बोट रुमालाला पुसलं आणि सदस्यांकडं बघून, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असल्यासारखी मान डोलावली. अध्यक्षांनी स्वतः पाडलेल्या दाराला चूक म्हणणारा सदस्य त्या समितीत नव्हता. नेमणूक एकमतानं झाली.