कमळाने हात काढला नसता तर

हातखंब्याच्या नाक्यावर लवूचं टायरचं दुकान होतं. त्याच्या शिव्या हायवेपलीकडे ऐकू जात, आणि घरी त्याचा हात बायकोवर, कमळावर चाले. घशाचा कॅन्सर निघाला तेव्हा रेडिएशन घेतलं, बरं वाटलं, तो पुन्हा दुकानात बसू लागला. वर्षभराने आवाज बसला. गाठ परत आली होती. डॉक्टर म्हणाले, त्याच जागी पुन्हा रेडिएशन देता येणार नाही. स्वरयंत्रच काढावं लागेल आणि पुढे नाकातोंडाऐवजी मानेवरच्या भोकातून श्वास घ्यावा लागेल. लवूने मुठीने टेबलाची काच फोडली. पण ऑपरेशन झालं.

घरी आल्यावर तो पाटीवर लिहून बोलायचा. शिव्या लिहून राग जात नव्हता. मारहाण वाढली. कमळा त्याच्या भोकातला कफ काढी, त्यातली नळी धुऊन परत बसवी, आणि ते करतानाच थोबाडीत खाई.

एका दुपारी पेज गरम लागली म्हणून त्याने वाडगा तिच्या तोंडावर फेकला. केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं. त्याने पुन्हा आपटलं. त्याला ढकलताना तिचा तळहात त्याच्या मानेवर पडला. तो तिने तिथेच, भोकावर, दाबून धरला.

लवूचं तोंड उघडं होतं, पण त्या वाटेने हवा जात नव्हती. त्याने तिचं मनगट ओरबाडलं, लाथा झाडल्या, गुडघ्यांवर आला. डोळे फिरले. ती दाबतच राहिली. त्याचे हात गळून पडले तेव्हा कुठे तिने तळहात उचलला. भोकातून शिट्टीसारखा आवाज होत श्वास आत गेला.

ती बाजूला बसली. ‘‘मी सोडणार नव्हते,’’ ती म्हणाली. ‘‘कळलं ना तुम्हांला? सोडणारच नव्हते.’’

लवूने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मुलगी समीक्षा दाभोळहून आली. आईचं कपाळ बघून पोलिसांत जाऊया म्हणाली. कमळा नको म्हणाली. इथे राहिले तर माझ्या हातून हे मरतील, मला ने, एवढंच तिने सांगितलं. निघण्याआधी तिने लवूला आरशासमोर बसवलं आणि नळी काढणं, धुणं, बसवणं त्याच्याकडून करून घेतलं. त्याने पाटीवर ‘राहा’ लिहिलं. तिने वाचलं आणि पिशवी उचलली.

तपासणीच्या दिवशी ती अजून येते. दवाखान्यात त्याच्या शेजारी बसून डॉक्टर काय सांगतात ते ऐकते. गाठ पुन्हा दिसलेली नाही. मग ती दाभोळची गाडी पकडते.